चाचणीतला पहिला शब्द

ते साल होतं २०४४. श्रावण संपत आला होता. गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, आपल्या स्वयंपाकघरात, पुरुषोत्तमराव नेसरीकर चहाचं पातेलं सांडशीत धरून बायकोच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"शु-गर," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांच्या डाव्या मनगटावर राखीएवढी रुंद, करडी पट्टी होती. शब्दाचा एकेक तुकडा तोंडातून निघण्याच्या जरा आधी ती आत थरथरायची, आणि डाव्या हाताचं बोट टेबलावर आपटायचं. "नॉट ई-नफ शु-गर."

एवढं पुरुषोत्तमरावांना कळलं. त्यांनी साखर घातली. पुढचं वाक्य मात्र लांब निघालं, चढलं, उतरलं आणि संपलं, आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. मिठाच्या बरणीजवळ ठेवलेला कानातला दुभाष्या त्यांनी उचलून कानात बसवला. तेव्हा घराघरात असे दुभाषे आले होते, कुणी काही परक्या भाषेत बोललं की कानात मराठी ऐकू यायचं. शैलजाबाईंना त्यांनी हातानंच विनवलं, परत बोल. त्या बोलल्या. कानात एका अनोळखी बाईचा, एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसला स्वच्छ आवाज आला, "साखर घालताना तू नेहमी माझ्याकडे बघतोस. तुझं तू का ठरवत नाहीस?"

लग्नाला पन्नास वर्षं व्हायला आली होती. इतक्या वर्षांत शैलजाबाईंनी त्यांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. पुरुषोत्तमरावांनी दुभाष्या काढला, बरणीजवळ परत ठेवला आणि चहा गाळायला घेतला. चिडावं की हसावं हे त्यांना कळेना. मुळात हे कोण बोललं, तेच कळेना.

शैलजाबाईंना गावात सगळे एस. पी. बाई म्हणून ओळखायचे. मुलींच्या हायस्कूलमध्ये त्यांनी निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवलं. खडू-फळ्याचे ते शेवटचे दिवस. मुली आसपासच्या खेड्यांतून यायच्या आणि इंग्रजी शब्द दिसला की त्यांचं तोंड मिटायचं. बाई फळ्यावर शब्द लिहायच्या आणि मध्ये रेघा ओढून त्याचे तुकडे पाडायच्या. मग सांगायच्या, हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द म्हणा. जितक्या वेळा हनुवटी हाताला लागेल तितके तुकडे. एकेक तुकडा तोंडात बसला की त्याचं स्पेलिंग आपोआप बसतं. वर्गात पन्नास मुली हनुवटीखाली हात धरून 'इम-पॉर-टंट' म्हणत बसलेल्या असायच्या आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, यांच्या दाढा दुखतायत. बुधवारचं इंग्रजी नाव लिहिताना मनात 'वेड-नेस-डे' म्हणणाऱ्या बायका त्या गावात अजून आहेत.

त्या वर्षी चैत्रात, गॅलरीत कपडे वाळत घालताना बाई खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. उजवी बाजू लुळी पडली. पायात हळूहळू जीव आला, हातात थोडा आला, वाचा मात्र आली नाही. डॉक्टरी भाषेत याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचं सगळं कळतं, मनात उत्तरही असतं, पण ते तोंडापर्यंत किंवा लेखणीपर्यंत पोचत नाही. बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली होती. त्यांच्या मानेचा होकार आणि नकार एकमेकांत मिसळले होते. भूक आहे का विचारलं की नाही म्हणून मान हलवायच्या, आणि ताट उचललं की डोळ्यांत पाणी आणायच्या. त्यामुळे काही दिवसांनी त्यांना विचारायचंच सगळ्यांनी सोडून दिलं.

कोल्हापूरच्या वाचोपचार केंद्रात त्यांना ठेकापट्टी बसवली, ती रुबीना मुजावर नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी. बोलण्याचं काम मेंदूची डावी बाजू करते, पण ताल आणि सूर उजव्या बाजूलाही कळतात. डावीकडचा रस्ता बंद झाला तर उजवीकडून पायवाट पाडायची, ही त्या पट्टीमागची कल्पना. कानामागे चिकटवलेली चकती डोक्यातल्या शब्दाची चाहूल घेते, शब्दाचे ठोके पाडते, आणि पट्टी ते ठोके डाव्या मनगटावर वाजवते. ठोक्याला धरून शब्द बाहेर येतो. काही महिने असं चाललं की पायवाट पक्की होते आणि मग पट्टी काढली तरी चालते.

पुरुषोत्तमरावांनी जन्मभर पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून दिल्या होत्या. ते म्हणाले, म्हणजे जळालेल्या गुंडाळीला हात न लावता बाहेरून तार ओढायची. रुबीना म्हणाली, जवळजवळ तसंच काका, फक्त ही तार एकदा बसली की उकलत नाही.

म्हणूनच पट्टी एकाच भाषेवर बसवत. दोन भाषांचे ठोके एकदम दिले की रोग्याचा गोंधळ होतो आणि एकही भाषा धड येत नाही, असा अनुभव होता. कोणती भाषा ते ठरवायला एक चाचणी असे. तिचा पहिला शब्द म्हणजे सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव. ज्यानं चाचणी बनवली त्याचं म्हणणं असं, की हाच शब्द माणसाच्या तोंडात सगळ्यात जास्त घोळलेला असतो. तो चुकीचा येऊ दे, अर्धा येऊ दे, पण तो म्हणायची नुसती धडपडही यंत्राला दिसली नाही, तर ती भाषा बंद झाली असं धरायचं. थकलेल्या माणसाला पुढचे शब्द विचारत बसायचं नाही.

मराठीच्या चाचणीत शैलजाबाईंना नवऱ्याचं नाव विचारलं. पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी विचारलं. त्या भिंतीकडे बघत बसल्या. यंत्राच्या पडद्यावर रेषही हलली नाही.

मग इंग्रजी चाचणी लावली. पडद्यावर तेच नाव रोमन लिपीत उमटलं. बाईंनी ते वाचलं, बोट उचललं आणि टेबलावर आपटत म्हणाल्या, "पु-रु-शोत-तम." बाहेर बाकावर बसलेले पुरुषोत्तमराव कुणीतरी हाक मारली म्हणून दार ढकलून आत आले आणि बघतच राहिले. त्यांच्या बायकोच्या तोंडून त्यांचं नाव निघालं होतं, आणि तिच्या आवाजात सगळ्या मुलींना ऐकू जावं असा वर्गातला ठसका होता.

यंत्रानं निकाल दिला, मराठी बंद, इंग्रजी उघडी. कागदावर पुरुषोत्तमरावांनी सही केली. आपल्या बायकोला वाचा येणार एवढंच त्यांना त्यातलं कळलं होतं.

आणि वाचा आली. आषाढात बाई शब्द बोलत होत्या, श्रावणात वाक्यं. मराठी सगळी कळत होती, तोंडातून मात्र एक अक्षर निघत नव्हतं. भाजीवाली दारात यायची, बाई म्हणायच्या, "टू मच को-रि-अँ-डर," आणि ती बिचारी पुरुषोत्तमरावांकडे बघायची, ते तिच्याकडे बघायचे. घरात आवाज परत आला होता, पण तो ऐकून त्यांना करमत नव्हतं. गौरी-गणपतीच्या सुमारास त्यांनी रुबीनाला विचारलं, हे मराठीवर कधी येणार? तेव्हा तिनं सगळं परत नीट सांगितलं. येणार नाही. दिवाळीपर्यंत पायवाट पक्की होईल आणि हीच त्यांची बोली राहील.

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी त्यांनी शैलजाबाईंची जुनी शिकवणीची पुस्तकं काढली आणि आरशासमोर हनुवटीखाली हात धरून बसले. बाईंनी दारातून पाहिलं, आत आल्या, त्यांचा हात जरा मागे सरकवला आणि म्हणाल्या, "लूज. कीप इट लूज." त्यांना ते कळलं नाही, पण हात कुठे ठेवायचा ते कळलं.

कलावतीवहिनी म्हणजे पुरुषोत्तमरावांच्या थोरल्या भावाची बायको, शैलजाबाईंची अक्का. पलीकडच्या गल्लीत राहायच्या, गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नसत. नवरात्राच्या आधी एक दिवस रुबीना तपासणीसाठी घरी आली होती, तेव्हाच त्या रिक्षा करून आल्या. रोजच्या सरावाची सुरुवात त्याच नावानं व्हायची. पडद्यावर नाव आलं. बाई म्हणाल्या, "पु-रु-शोत-तम."

कलावतीवहिनींनी पदर तोंडाला लावला. "अगं बया. नाव घेतलंस की गं."

रुबीना हसून म्हणाली, रोजच घेतात, चाचणीतही घेतलं होतं. मराठीत तेवढं आलं नाही, म्हणून तर इंग्रजीवर यावं लागलं.

"मराठीत काय आलं न्हाई?"

"काकांचं नाव."

कलावतीवहिनींनी रुबीनाकडे असं पाहिलं की जणू तिलाच काहीतरी झालंय. "ते कसं येईल? ती घेत न्हाई."

"म्हणजे?"

"घेत न्हाई म्हंजे घेत न्हाई. लग्नात मी दार अडवलं तवा घेतलं होतं, ते बी मी शिकवलेल्या उखाण्यात. 'गुंडाळीत बसते तांब्याची तार, पुरुषोत्तमरावांच्या सोबतीनं ओलांडते दार.' त्यानंतर कदी ऐकलं असलं तर भावजींनी सांगावं. शाळेत बी शैलजा पुरुषोत्तम न म्हणता एस. पी. सांगायची. ब्यांकेत नाव विचारलं तर चिठ्ठीवर लिवून पुढं सारायची. आनि तू तिला पयलंच ते विचारलंस?"

पुरुषोत्तमराव मध्येच म्हणाले, "पण वहिनी, आता रोज घेते की. इंग्रजीत घेते."

"ते नाव घेणं न्हवं, भावजी. ते शिकवणं झालं. फळ्यावर आलेला शबुद."

रुबीनानं चाचणीचं जुनं चित्रण काढलं. आतापर्यंत तिनं त्यातल्या रेषाच पाहिल्या होत्या. आज तिनं बाईंचा चेहरा पाहिला. नाव विचारल्यावर बाई भिंतीकडे बघत होत्या खऱ्या, पण ओठ घट्ट मिटलेले होते आणि कोपऱ्यात, अगदी बारीक, लाजल्यासारखं काहीतरी होतं. रोगी धडपडून हरतो तेव्हा कपाळावर आठ्या पडतात, तसं एकदाही झालं नव्हतं. बाईंना शब्द सापडला नव्हता असं नाही. त्यांनी तो शोधायलाच घेतला नव्हता, सवयीनं.

रुबीना खाली बसली. तिची स्वतःची नानी नवऱ्याला शेवटपर्यंत 'रुबीनाचे नाना' म्हणत गेली होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? पण चाचणी दूरच्या शहरातून तयार होऊन आली होती, तिथं असल्या बायका कुणाला माहीत नसतील, आणि पुस्तकात लिहिलेला पहिला शब्द तिनं तसाच विचारला होता.

थोड्या वेळापुरती पट्टी मराठीवर लावून बघायला हरकत नव्हती. तिनं ती लावली. काय विचारावं ते तिला सुचेना. कलावतीवहिनींनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "शैला, मी कोण?"

पडद्यावर रेषा उसळली. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. मनगट थरथरलं, बोट दोनदा आपटलं.

"अक्... का."

कलावतीवहिनी रडू लागल्या. मराठी बंद झालीच नव्हती. तिचं दार कुणी वाजवलं नव्हतं.

आता प्रश्न साधा वाटत होता, पण तो साधा नव्हता. रुबीनानं काही लपवलं नाही. भाषा बदलायची तर इंग्रजीची अर्धी पडलेली पायवाट मोडावी लागेल. काही महिने बाई परत मुक्या होतील. त्यानंतर मराठी येईल, बहुतेक येईल. या वयात न येण्याचीही शक्यता आहे, आणि तेव्हा इंग्रजीही राहिलेली नसेल. ठरवायचं ते दिवाळीच्या आत.

पुरुषोत्तमराव म्हणाले, बदला. कलावतीवहिनी म्हणाल्या, बदला. रुबीना म्हणाली, बाईंना विचारायला हवं.

मग कळलं की विचारायचं कसं हीच अडचण आहे. पट्टी काढली तर होकार-नकाराची मान भरवशाची नव्हती. मराठीच्या पट्टीवर अजून एका शब्दापलीकडे काही येत नव्हतं. म्हणजे उत्तर इंग्रजीतूनच घ्यावं लागणार होतं. इंग्रजी सोडायची का, हे इंग्रजीलाच विचारायचं. हे काही बरोबर नाही असं रुबीनाला वाटत होतं, पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. तिनं पट्टी परत पहिल्यासारखी केली आणि मराठीत, हळूहळू, सगळं समजावून विचारलं.

शैलजाबाईंनी ऐकून घेतलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"नो," त्या म्हणाल्या.

कलावतीवहिनींनाही एवढं इंग्रजी येत होतं. बाईंनी परत बोट उचललं आणि एकेक तुकडा ठेवत गेल्या, घाई न करता, मागच्या बाकापर्यंत पोचावं तसं. "इन म-रा-ठी आय आन-सर. इन इंग-लिश आय टॉक."

"काय म्हणते?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

रुबीना घुटमळली. तिला ते मऊ करून सांगायचं होतं, पण कलावतीवहिनी तिच्याकडे रोखून बघत होत्या. "त्या म्हणतायत, मराठीत मी विचारलेल्याचं उत्तर देते. इंग्रजीत मी बोलते."

पुरुषोत्तमराव आठवू लागले. इतक्या वर्षांचं बोलणं, त्यातलं बायकोचं कोणतं? वाढू का. आणलंय. बरं. तुम्ही म्हणाल तसं. साखर झाली का बरोबर. हे सगळं ते अगदी आवाजासकट ऐकू शकत होते. त्याच्या आधी प्रत्येक वेळी त्यांचाच प्रश्न होता, किंवा ते येऊन उभे राहिले होते. आपण होऊन तिनं काय म्हटलं होतं? ते आठवत राहिले. तिच्या वर्गाबाहेरून जाताना पूर्वी तिचा तो ठसक्याचा आवाज त्यांनी ऐकला होता आणि त्यांना बरं वाटलं होतं, एवढं आठवलं. घरी तो आवाज का नाही, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

"बदलू नका," ते रुबीनाला म्हणाले.

रुबीना मात्र त्या दिवशी कोल्हापूरला गेली ती उपकरणातली नोंद घेऊन. ठेकापट्टीत एक सोय होती. माणूस एक शब्द म्हणाला की पुढचा कोणता येईल याचा अंदाज करून ती ठोका जरा आधी देते, म्हणजे बोलणं अडत नाही. बाईंच्या त्या 'नो'च्या वेळी ठोका आधी पडला की मनातली चाहूल आधी आली, हे तिला बघायचं होतं. दोन्ही इतकी लागोपाठ होती की यंत्राला त्यांतला क्रम सांगता येईना. पुढची दोन वाक्यं बाईंची स्वतःची होती, असली वाक्यं कोणतं यंत्र सुचवणार? पण वाक्याला सुरुवात करून देणारा पहिला शब्दच पट्टीचा असेल तर? तिनं वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, बोलणाऱ्या कुठल्याही माणसाचं असंच असतं, आधी तोंडातून निघतं आणि मग ते आपलं होतं. रुबीनाचं त्यानं समाधान झालं नाही. तिनं पुरुषोत्तमरावांना फोन करून खरं ते सांगितलं. दिवाळी तेव्हा तोंडावर आली होती. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, आता परत विचारलं तर परत तेच यंत्र उत्तर देणार ना? ती म्हणाली, हो. मग ते म्हणाले, राहू दे.

दिवाळी झाली. पायवाट पक्की झाली, पट्टी निघाली.

कलावतीवहिनी पुढच्याच थंडीत गेल्या. शेवटपर्यंत त्यांची समजूत होती की शैलाला कुणीतरी फितवलंय, तरी रोज संध्याकाळी त्या रिक्षा करून यायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी इंग्रजीत, आणि दोघींचं तासन् तास चालायचं. रुबीनानं चाचणी बदलली. तिच्या केंद्रात आता पहिला शब्द म्हणून कुणाचंही नाव विचारत नाहीत, घरातल्या रोजच्या वस्तू विचारतात. ज्या शहरातून चाचणी आली होती तिथं मात्र अजून जुनीच चालते. त्यांनी तिला कळवलं की तिचं निरीक्षण रंजक आहे, पण एका रोग्यावरून नियम बदलता येत नाही. तिथं किती बायका ओठ मिटून भिंतीकडे बघत बसल्या असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

शैलजाबाई अजून आहेत. गल्लीतल्या मुलींची शिकवणी घेतात, गावातल्या सभेत उठून बोलतात, आणि त्यांचं बोलणं कळावं म्हणून लोक कानात दुभाष्या घालून येतात. पुरुषोत्तमराव त्या दिवाळीनंतर चार वर्षांनी वारले. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी यायला लागलं होतं, छोटी वाक्यं बोलता यायची, मोठी निसटायची. जाण्याच्या थोडे दिवस आधी, गॅलरीत बसले असताना, त्यांनी एकदाचं बायकोला विचारलं, मराठीतच, की त्या दिवशी नको म्हणालीस ते तू म्हणालीस की त्या पट्टीनं म्हटलं?

शैलजाबाई हसल्या. मग त्यांच्याकडे वळून बराच वेळ बोलल्या. मनगट मोकळं होतं, बोटही आपटत नव्हतं, एकात एक गुंतलेली लांब वाक्यं होती. दुभाष्या आत बरणीजवळ होता, चार पावलांवर. पुरुषोत्तमराव तो आणायला उठले नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिनं सांगितलेलं त्यांना कळलं नव्हतं, की कळलं होतं म्हणूनच त्यांनी परत विचारलं नाही?